नाणेघाटाची वाट, सायकलवरून
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'साठीनंतरची सायकल'. त्यावर खरं तर आपल्या वर्गातल्या डॉक्टरांना बोलायला लावायला हवं होतं. गुडघे कसे सांभाळायचे ते मला सांगता येणार नाही, माझेच कुरकुरतात. मी एका वाटेबद्दल बोलणार आहे. ती आपल्या शाळेच्या फाटकातून निघते आणि नाणेघाटात जाते. बोलता बोलता एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटाकडे देईन, म्हणजे तोवर तरी कोणी चहाला उठणार नाही.

डिसेंबर १९७८. आपण नववीत होतो. इतिहासाच्या सरांनी ठरवलं की नाणेघाट पुस्तकात वाचायचा नाही, बघायचा. एस.टी.चं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून सायकली. अकरा मुलं आणि सात सायकली. त्यांतल्या पाच भाड्याच्या, सरांच्या शब्दावर मिळालेल्या. उरलेले चौघे आळीपाळीने डबलसीट. मुलींना नेलं नाही. का नेलं नाही, हे तेव्हा कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही. गेल्या नोव्हेंबरात आम्ही सात जण पुन्हा त्या वाटेने गेलो, त्यात आपल्या वर्गातल्या तिघी होत्या. आपटाळ्याला चहा पिताना त्यांतली एक म्हणाली, "तुम्ही परत येऊन वर्गात निबंध वाचून दाखवलेत. तेवढाच आमचा नाणेघाट." समोर बसून हसताय, पण तेव्हा आमच्यापैकी कोणाला हसू आलं नव्हतं.

आता वाट सांगतो. जुन्नरहून पश्चिमेला आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाट. जाताना तीसेक किलोमीटर. गाडीने तासाभराचा रस्ता, म्हणून लोक सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येतात. आम्ही दोन दिवस ठेवले. सायकलवर ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे आम्ही जात नाही आणि जायचंही नाही.

पहिला थांबा तुळजालेणी. गावापासून चार-पाच किलोमीटरवर, पण आपल्यापैकी निम्म्यांनी ती पाहिलेली नसतील. तिथला चैत्य गोल आहे. बारा अष्टकोनी खांब गोलाकार उभे, वर घुमट, मधे स्तूप. आपल्याकडचे चैत्य लांबट, कार्ल्यासारखे. असा गोल क्वचितच. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत आणि आपण त्यांच्या मधोमध दहा वर्षं शाळेत गेलो, डबा खाल्ला, घरी आलो. लहानपणी लेण्याद्रीला गेलो ते गणपतीसाठी. गिरिजात्मजाचं देऊळ हे मुळात बौद्ध लेणं आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

ही लेणी इथेच का, याचं उत्तर सायकलवर पायांना कळतं. कोकणातून, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून माल यायचा, तो नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. घाट चढून आलेल्या माणसाला पाणी हवं, सावली हवी, रात्रीपुरतं छप्पर हवं. नेमकं तेच आपल्यालाही हवं असतं. गाडीत पाण्याची बाटली शेजारी असते म्हणून टाकं दिसलं तरी त्याचं काही वाटत नाही. भर दुपारी चढावर सायकल हातात धरून चालत आलात की कातळात खोदलेलं टाकं वेगळं दिसतं.

किल्ल्यांचंही तसंच. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन हे या वाटेचे राखणदार, असं आपण पाठ केलं होतं. सायकलवर ते एकामागून एक हजेरी लावतात. निघताना शिवनेरी पाठीशी असतो आणि बराच वेळ सोडत नाही. मग उजवीकडे, माणिकडोहच्या पाण्यापलीकडे हडसर. समोर चावंड मोठा होत जातो. तो मागे पडतो न पडतो तोच डावीकडे जीवधन डोकं काढतो. वाटेवर आपण कुठेही असलो तरी कोणीतरी वरून बघत असतं. जकात चुकवून जाणाऱ्याची काय छाती असेल!

चावंडच्या पुढे थोडी वाट वाकडी करून पूरच्या कुकडेश्वराला गेलो. कुकडी तिथे उगम पावते. आपल्या गावची नदी, आणि एकसष्टाव्या वर्षी तिचा उगम पहिल्यांदा पाहिला! जुनं दगडी देऊळ आहे, कोरीवकाम डोळे भरून बघण्यासारखं. आम्ही तास-दीड तास बसलो. उठायला कोणीच तयार नव्हतं, त्यात भक्तीपेक्षा मांड्यांचा भाग जास्त होता.

व्यवहाराचं थोडं सांगतो, कारण मधल्या सुट्टीत तेच विचारणार आहात. दिवाळी ते जानेवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात जाऊ नका. रस्ता निसरडा, धुकं दाट, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग. गिअरची सायकल असेल तर बरं, नसेल तर उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. जुन्नर सोडल्यावर पंक्चरचं दुकान मिळेलच असं धरू नका. जादा ट्यूब, पंप आणि पाना जवळ ठेवा, आणि ट्यूब बदलायला घरीच एकदा शिका. आम्ही ती चावंडखाली रस्त्यावर बसून शिकलो, एका शाळकरी मुलाकडून.

घाटघरला मुक्काम केला. ज्यांच्या ओसरीवर झोपलो त्या आजोबांनी हिरड्याचं सगळं गणित सांगितलं. झाडावर चढून कच्चा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा, आणि भाव काय मिळेल ते व्यापाऱ्यावर. या पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांचा बराचसा रोकडा पैसा हिरड्यातून येतो. आपण पुण्या-मुंबईकडे बघत मोठे झालो. तीस किलोमीटर पश्चिमेला लोक कशावर जगतात ते आपल्याला ठाऊक नव्हतं. सकाळी निघताना पैसे देऊ केले तर आजोबा रागावले. शेवटी घरातल्या मुलीच्या हातावर ठेवले.

आता घाट. तोंडाशीच तो मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथून कातळातल्या नाळेने थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. आत दोन बाजूंच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, हत्ती, घोडे, कार्षापणं किती, सगळा हिशेब आकड्यांत. हे आकडे आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. भगवानलाल इंद्रजींनी त्यांचा अभ्यास केला. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता तिथे काही नाही, पायांच्या खुणा तेवढ्या. पण डोक्यावर कोरलेली नावं शिल्लक आहेत. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर. माणसं गेली, पुतळेही गेले, नावं उरली.

सरांनी हे आम्हाला १९७८ साली तिथेच उभं राहून सांगितलं होतं. आणि मंडळी, कबुली ती ही. सर बाहेर दम खात बसले होते, तेव्हा आम्ही चौघांनी कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि आपली नावं कोरली. लेखाच्या भिंतीवर नाही, तेवढी बुद्धी देवाने दिली होती. बाहेर, पाण्याच्या टाक्याच्या वरच्या कातळावर. नाव, इयत्ता, तुकडी आणि साल.

गेल्या नोव्हेंबरात मी ती शोधत गेलो. मिळू नयेत असं मनात होतं. मिळाली. शेवाळ धरलंय, पण वाचता येतात. मी खिशातला रुमाल ओला करून घासायला लागलो, तर बरोबरच्या मैत्रिणीने हात धरला. म्हणाली, "आता घासून अजून ओरखडे काढशील." तिचं खरं होतं. संरक्षित ठिकाणी असं काही करणं हा गुन्हा आहे, आणि ते पुसणं हेही आपलं काम नाही, पुरातत्त्व खात्याचं आहे. आमच्या नावांशेजारी नंतरच्या कितीतरी जणांची नावं आहेत, बदामासकट. सुरुवात आम्ही केली की नाही ते माहीत नाही, पण त्या रांगेत आम्ही वरच्या अंगाला आहोत.

मला टोचलं ते वेगळंच. जुन्नरच्या लेण्यांत परदेशी यवनांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली म्हणून त्याचं नाव दगडावर आहे. चिट नावाच्या दुसऱ्याने भोजनमंडप दिला. त्यांनी आधी पाणी दिलं, जेवायला जागा दिली, मग नाव लिहिलं. आम्ही टाक्यातलं पाणी प्यायलो आणि वर नाव लिहून आलो.

त्या चार नावांतला एक जण आज इथे नाही. कोण ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या मेळाव्याला तो होता. त्याच्या मुलीला कोणाकडून तरी कळलं आणि तिने मला फोन केला, "काका, बाबांच्या अक्षराचा फोटो पाठवा ना." तीन आठवडे मी पाठवला नाही. चुकीच्या कामाचा फोटो कौतुकाने कसा पाठवायचा? आणि न पाठवावा, तर त्याचं चौदाव्या वर्षीचं अक्षर तिच्या घरी दुसरं कुठेच नाही. शेवटी पाठवला, आणि वर सांगितलं ते सगळं खाली लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: "पुढच्या वेळी मला घेऊन चला."

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी निघतोय. पहाटे सहाला, शाळेच्या फाटकाशी. ती पुण्याहून आदल्या रात्रीच येणार आहे, आमच्याकडे उतरेल. पुरातत्त्व खात्याला आम्ही उरलेल्या तिघांच्या सह्यांचं पत्र लिहिलंय, की ही नावं आमची आहेत, काढता येत असतील तर काढा, खर्च आम्ही देतो. अजून उत्तर नाही. माझ्याकडे दोन सायकली जादा आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा. सीट कमी-जास्त करायला तुमची उंची लागेल.