तण कोणतें काढावें, कोणतें राखावें



मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस झाले कीं घरामागच्या वाफ्यांत न पेरलेलें पीक उगवतें. पुष्कळ गृहस्थ अशा वेळीं खुरपें घेऊन सरसकट सारें उपटून टाकतात. माझें आयुष्य वर्गाची हजेरी घेण्यांत गेलें. नांव विचारल्यावांचून कोणाला बाहेर काढावें, हें मला पटत नाहीं.

पहिलें नांव गाजरगवताचें. १९५५ च्या सुमारास पुण्यांत त्याचा फैलाव लक्षांत आला आणि आज तें देशभर पसरलें आहे. एकेका झाडाला हजारों बिया धरतात; शिवाय त्याच्या स्पर्शानें अनेकांच्या अंगाला खाज सुटते. म्हणून हातमोजे घालून, पांढरीं फुलें येण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना तें मुळासकट काढावें. येथें दयामाया नको.

हरळीचा प्रकार निराळा. खुरप्यानें तिचे तुकडे केले, तर पेऱ्यापेऱ्यांतून नवी हरळी फुटते. माती भुसभुशीत करून तिच्या मुळ्या सबंध ओढून काढाव्या. परंतु हीच हरळी बांधावरची माती धरून ठेवते आणि गणेशचतुर्थीला दूर्वा म्हणून हीच हवी असते. तिला वाफा वर्ज्य करावा, बांध द्यावा.

टाकळा कोंवळा असतांना त्याची उत्तम भाजी होते. शेंगा वाळून बी सांडूं देऊं नये, एवढें पथ्य मात्र पाळावें. तथापि पडीक कोपऱ्यांत तो दाट वाढला, तर गाजरगवताला डोकें वर काढूं देत नाहीं. तेथें त्याला अवश्य राहूं द्यावें.

घोळ ही जमिनीसरपट वाढणारी आंबटसर भाजी. तिचे देंठ तांबूस, पानें मांसल. मूतखड्याचा विकार असणारांनीं ती बेतानेंच खावी. तिच्याच शेजारीं दुधी नांवाचें तणही पसरतें. भोपळ्याशीं त्याचा संबंध नाहीं. देंठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे. तिला स्वयंपाकघरांत नेऊं नये.

मागच्या पिढीच्या बायकांना ही पारख होती. ती कोणत्याहि इयत्तेंत शिकविलेली नव्हती. आज नांवें विसरलीं जात आहेत, आणि नांवाबरोबर उपयोगहि नाहींसा होतो. येत्या रविवारीं मुलांना वाफ्यांत न्यावें व पांच रोपांचीं नांवें विचारावीं. जें कोणालाच ओळखतां येत नाहीं, तें मंडईंत रानभाज्या विकणाऱ्या बाईंना दाखवावें. ओळख पटेपर्यंत मात्र तें ताटांत वाढूं नये.