शुश्रूषा करणाऱ्याची विचारपूस

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची भाषणे झाली. आम्ही विद्वान नव्हे. आम्ही नवराबायको, दांडिया बाजारातले एक साधे बिऱ्हाड. आमच्या घरी मातोश्रींची सात वर्षे शुश्रूषा झाली, तेवढ्या भांडवलावर कार्यवाहांनी आम्हांला येथे उभे केले आहे. भाषण दोघांनी मिळून लिहिले. वाचणारे तोंड एक, इतकेच.

मातोश्रींना स्मृतिभ्रंश झाला होता. आपल्या देशात साठी उलटलेल्यांपैकी शेकडा ७.४ लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लक्ष माणसांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. अशा प्रत्येक रुग्णामागे घरातले निदान एक माणूस खुंटीला बांधल्यासारखे असते. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या माणसाविषयी.

आपल्या बडोद्यात शेजारधर्म चांगला आहे. गुजराती शेजारी जाता-येता विचारीत, “बाने केम छे?” मराठी मंडळी विचारीत, “आईंचं कसं आहे?” आम्ही म्हणत असू, “ठीक आहे.” सात वर्षांत उलटा प्रश्न एकाच व्यक्तीने केला. सकाळी दूध घालणारी भरवाडण उंबऱ्याशी थांबून म्हणे, “राते ऊंघ आवी, बेन?” रात्री झोप आली का? तिला उत्तर देताना आमच्या घरातल्या बाईमाणसाचा गळा कितीदा तरी दाटून आला आहे.

लोकांना वाटते की उचलणे, धुणे, चादरी बदलणे हेच मोठे कष्ट. तसे नाही. अंगाला त्याची सवय होते. माणूस मोडतो तो तुटलेल्या झोपेने आणि न संपणाऱ्या वादाने. पहाटे तीन वाजता मातोश्री गाठोडे बांधून दाराशी उभ्या राहत. “अण्णा वाट बघत असतील, मला माहेरी जायचंय.” अण्णांना जाऊन पन्नास वर्षे झालेली. ते गेले असे सांगावे, तर तो शोक त्यांना नव्याने भोगावा लागणार, आणि उद्या पुन्हा. तेव्हा उत्तर एकच: “सकाळच्या गाडीने जाऊ. आधी चहा घेऊ.” गाठोडे सोडून दोघांनी चहा घ्यायचा, मग साडेचारला अंथरुणाला पाठ लावायची आणि दहाला कचेरीत हजर व्हायचे. अशा रुग्णांच्या कुटुंबांसाठी १९८१ साली अमेरिकेत निघालेल्या एका प्रसिद्ध पुस्तकाच्या नावातच दिवस छत्तीस तासांचा केलेला आहे. ते नाव ज्याला सुचले त्याला आमचा नमस्कार!

दुसरी गोष्ट आरोपाची. बांगडी सापडेना की चोरी सुनेच्या माथी. वस्तू कोठे ठेवली याची आठवण पुसली जाते आणि मन ती रिकामी जागा काहीतरी कारण घालून भरते. आळ येतो तो सर्वांत जवळच्या हातावर. डॉक्टरांनी एवढे समजावून दिले, त्याने जो उतार पडला तो गोळ्यांनी पडला नसता. पुण्याचे पाहुणे आले की मात्र मातोश्री पदर सावरून गोड बोलत, आणि पाहुणे जाताना म्हणत, “आई तर ठणठणीत आहेत की!”

आता जरा अवघड बोलतो. रुग्णाचा राग येतो. हे लवकर संपावे, असेही एखाद्या रात्री मनात येते. आणि तसे आले म्हणून स्वतःचीच किळस वाटते. स्टीव्हन झारिट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली शुश्रूषेचा भार मोजण्यासाठी प्रश्नावली केली. तीत राग येतो का, स्वतःला वेळ उरतो का, असे साधेच प्रश्न आहेत. साता समुद्रापलीकडल्या लोकांनाही राग येतो, हे कळले तेव्हा फार बरे वाटले.

आपल्याकडे अशा वेळी पुंडलिकाचे उदाहरण देतात. देवाला त्याने विटेवर उभे केले, ते खरेच. पण देव दारात आलाच होता, तर तासभर आईबापांपाशी बसता. पुंडलिकालाही जरा डोळा लागला असता! आमच्याकडे येणारेही बहुधा विटेवरच उभे राहत. “धन्य आहात तुम्ही,” असे म्हणून जात. अशी स्तुती करणारा मोकळा होतो. ज्याची होते त्याला मात्र पुढे कुरकूर करण्याचीही सोय उरत नाही. “केव्हाही हाक मारा,” हे दुसरे वाक्य. हे केव्हाही कधी उगवत नाही.

आम्हांला तारले ते शेजारच्या एका मावशींनी. त्यांनी “केव्हाही” म्हटले नाही. “गुरुवारी तीन ते पाच मी बसेन,” असे म्हटले आणि त्या बसल्या. पहिल्या गुरुवारी आम्ही सुरसागराच्या काठी नुसते बसून राहिलो, काही बोललोसुद्धा नाही. दुसऱ्या गुरुवारी रक्तदाब तपासून घेतला. तो दोघांचाही वाढलेला निघाला.

परगावच्या भावंडांना हिणवण्यात अर्थ नाही. त्यांना काम नेमून द्यावे. औषधांचे पैसे एकाने पाहावेत, दुसऱ्याने रोज सायंकाळी फोनवर आईशी बोलावे. फारच कोंडमारा झाला तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा रात्रंदिवस मोफत चालते आणि आपल्या भाषेतही बोलता येते.

आता संस्थेला विनंती. आपण खाट, चाकाची खुर्ची, हवेची गादी गरजूंना वापरायला देता, नोंदवही आहे. त्याच वहीत आणखी एक पान घालावे आणि दोन तासही उसने द्यावेत. निवृत्त मंडळींनी जोडीजोडीने जावे, वार आणि वेळ ठरवून. रुग्णाला बसवूनच भरवावे, वाद घालू नये, दाराची कडी पाहावी, एवढे त्यांना आधी शिकवावे. हारतुरे नकोत.

यावर कोणी म्हणेल, परक्याला घरात कसे घ्यावे? घरात वास असतो, आरडाओरडा असतो, लाज वाटते. ती लाज आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच रुग्णाला चेहरे ओळखता येतात तोवरच हे येणेजाणे सुरू करावे. तेव्हा मावशी पाहुण्या म्हणून येतात. पुढे ओळख पुसली तरी आवाज परका वाटत नाही.

मातोश्री जाऊन दोन वर्षे झाली. त्यांची खुर्ची आम्ही संस्थेकडे परत केली आहे. गुरुवारची दुपार मात्र तीन ते पाच आम्ही अजून मोकळीच ठेवली आहे. त्या नव्या पानावर पहिली दोन नावे आमची लिहून घ्यावीत.