नंबर दोनचा माणूस

जबलपूर म्हणजे कारखान्यांचं आणि पलटणींचं गाव. १९०४ पासून इथे तोफगाड्यांचा कारखाना आहे, तोच आपला जीसीएफ. ग्रेनेडियर्स रेजिमेंटचं केंद्रही आज इथेच आहे. तेव्हा या गावात हलक्या मशिनगनची गोष्ट सांगायची, तर सुरुवात ग्रेनेडियर्सपासूनच करू.

त्यांची एक जुनी पलटण, १०१ ग्रेनेडियर्स. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती पूर्व आफ्रिकेत टांगा इथे लढली. त्या काळी हिंदी पायदळाच्या अख्ख्या पलटणीला मशिनगन मिळत किती? दोन! समोरच्या जर्मन मशिनगननी १०१ ची दाणादाण उडवली. माघारीच्या घाईत ब्रिटिशांनी १६ मशिनगन मागे टाकल्या. त्या शत्रूच्याच कामी आल्या.

आता अडचण पाहा. त्या वेळची व्हिकर्स मशिनगन पाणी आणि तिपाई धरून चाळीस किलोंच्या आसपास भरे. खंदकात बसून लढायला उत्तम. पण धावत पुढे जाणाऱ्या शिपायाने ती न्यायची कशी?

याला उत्तर दिलं ल्युईस गनने. आयझॅक न्यूटन ल्युईस हा अमेरिकी लष्करी अधिकारी. मायदेशात डाळ शिजेना, म्हणून तो युरोपात आला. पुढे बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यात ही गन हजारोंनी बनली. वजन साधारण बारा-तेरा किलो. थंड करायला पाणी नको, हवा पुरे. वर ताटलीसारखं गोल मॅगझिन, त्यात ४७ गोळ्या. घोडा दाबून धरला, तर पाच-सहा सेकंदांत ताटली रिकामी!

म्हणून ही गन एकट्याची नव्हेच. नंबर एक गोळ्या झाडणार, नंबर दोन ताटल्या वाहणार आणि बदलणार. आणि नंबर एक पडला, तर?

१० एप्रिल १९१८, पॅलेस्टाईनमधलं एल केफर. गुरखा रायफल्सचा करणबहादूर राणा ल्युईस गनच्या तुकडीबरोबर रांगत पुढे गेला. नंबर एकने गोळ्या सुरू केल्या आणि तो जागीच ठार झाला. करणबहादूरने त्याचा देह बाजूला सारला आणि गन हाती घेतली. समोरची मशिनगन बंद पाडली. दोनदा गन अडकली. गोळ्यांच्या वर्षावात त्याने ती दोन्ही वेळा शांतपणे दुरुस्त केली. या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अडकलेली गन मोकळी करणं हे नुसत्या शौर्याचं काम नाही. त्याला सराव लागतो. ज्या दिवशी गोळी सुटत नसते, त्या दिवशी केलेला सराव.

पुढे १९३३ मध्ये हिंदी सैन्याने व्हिकर्स-बर्थिए ही हलकी मशिनगन स्वीकारली. ती बंगालमध्ये इशापूरला तयार होई. दुसऱ्या महायुद्धात ती आणि ब्रेन, दोन्ही आपल्या जवानांच्या हाती होत्या.

आणि मशिनगनच्या समोर उभं राहणारा? १० जुलै १९४४, इटली. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे. मशिनगनच्या माऱ्यात सगळी तुकडी पडली, उरले एकटे घाडगे. ते सरळ त्या गनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती निकामी केली, उरलेल्यांशी हातघाईवर लढले आणि तिथेच शत्रूच्या गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडातल्या माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्या बाजूला गेलात, तर जरूर थांबा.

बंदुकीला बनवणाऱ्याचं नाव मिळतं. ताटल्या वाहणाऱ्या नंबर दोनचं नाव बहुतेकदा कुठेच नसतं. संग्रहालयात जुनी गन पाहाल, तेव्हा तिच्या शेजारची ती रिकामी जागाही पाहा.