टाकीतल्या कासवाचा विरंगुळा

खानदेशातल्या शिरपुरातील एखाद्या घरी काचेच्या टाकीत निश्चल बसलेले, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले कासव पाहून आपण त्यास आळशी मानतो. परंतु मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून जगभर गेलेला हा जीव मुळात पोहणारा, भक्ष्य शोधणारा व उन्हात अंग शेकणारा असल्याने, रिकामी टाकी त्यास केवळ कैदखाना ठरते. म्हणून मनसोक्त पोहता येईल इतके खोल पाणी, अंग कोरडे करण्यास सपाट दगड, दडण्यास ओंडका आणि कुरतडण्यास पाणवनस्पती यांची तजवीज करावी. अन्न विखरून द्यावे, म्हणजे शोधाचा आनंद लाभेल. काच अतिनील किरण अडवते व त्यांवाचून कवच मऊ पडते, सबब कोवळे ऊन थेट मिळावे. मात्र खानदेशातील वैशाखात सावलीचा कोपरा अवश्य राखावा.

अखेरीस एक कळकळीची ताकीद: हे परदेशी कासव अरुणावती वा तापी नदीत कदापि सोडू नये, कारण ते देशी कासवांचे अन्न व आसरा हिरावून घेते, आणि नदीतले देशी कासव घरी आणू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मनाई आहे.