ड्रायव्हर नॉट लोडेड: आपल्या लॅपटॉपवर चालतं, दुकानात का चालत नाही?

बसमध्ये, लोकलमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर, जिथे असाल तिथे निवांत ऐका. आज फाइलींची नावं बरीच येणार आहेत, पण लिहून घेऊ नका. सगळी या मजकुरात आहेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. या पठ्ठ्याने तालुक्याच्या एका कृषी सेवा केंद्रासाठी स्टॉक आणि उधारीचं सॉफ्टवेअर बनवलं. सी प्लस प्लस, क्यूटी ६, मागे पोस्टग्रेसक्यूएलचा डेटाबेस. स्वतःच्या लॅपटॉपवर एकदम झकास. पेन ड्राइव्हवर घालून दुकानात नेलं, डबल क्लिक केलं, तर उत्तर आलं, ‘क्यूटी६कोअर.डीएलएल सापडली नाही’. ती फाइल आणून टाकली, तर पुढची मागितली. असं करत करत एकदाची विंडो उघडली. लॉगिनचं बटण दाबलं आणि नवा मेसेज: ‘क्यूपीएसक्यूएल ड्रायव्हर नॉट लोडेड’. खरीप तोंडावर, दुकानात गर्दी, आणि दुकानवाले काका म्हणतात, ‘‘अरे, आमची वहीच बरी होती की!’’ निम्मे पैसे अजून यायचेत.

हा प्रश्न या एकट्याचा नाही. कॉलेजात कोड लिहायला शिकवतात, पण तो दुसऱ्याच्या मशीनवर नेऊन उभा कसा करायचा, हे फारसं कोणी शिकवत नाही. तर चला, नीट समजून घेऊ.

डीएलएल म्हणजे काय? लग्नाला आचारी बोलावला असं समजा. तो स्वयंपाक उत्तम करतो, पण मोठी पातेली, शेगड्या, झारे यजमानांनी आणून ठेवलेत असं धरूनच येतो. तुमची ईएक्सई फाइल म्हणजे तो आचारी. तिच्यात फक्त यादी असते: मला अमुक अमुक डीएलएल लागतील. विंडोज ती यादी वाचतं आणि शोधायला लागतं. आधी ईएक्सई ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे, मग विंडोजच्या सिस्टीम फोल्डरांत, आणि अगदी शेवटी पाथमध्ये लिहिलेल्या फोल्डरांत.

गोम इथेच आहे. तुमच्या लॅपटॉपवर क्यूटी क्रिएटर प्रोग्राम चालवताना क्यूटीचं फोल्डर स्वतःच पाथमध्ये घालतो. पोस्टग्रेसचं बिन फोल्डरही तुम्ही कधीतरी पाथमध्ये टाकलेलं असतं. त्यामुळे सगळं सापडतं. दुकानातल्या मशीनवर यातलं काहीच नाही.

आता नीट ऐका, गैरहजेरी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात प्रोग्राम सुरूच होत नाही आणि विंडोज फाइलचं नाव सांगतं. हा प्रकार सोपा. दुसऱ्या प्रकारात प्रोग्राम सुरू होतो, पण डेटाबेसचा ड्रायव्हर चढत नाही. क्यूटीमध्ये हा ड्रायव्हर म्हणजे वेगळं प्लगइन असतं, एसक्यूएलड्रायव्हर्स नावाच्या फोल्डरमध्ये, क्यूएसक्यूएलपीएसक्यूएल.डीएलएल. ते गरज पडेल तेव्हा उघडलं जातं, म्हणून ईएक्सईच्या यादीत त्याचं नावच नसतं.

त्या मेसेजच्या खाली ‘अव्हेलेबल ड्रायव्हर्स’ अशी ओळ येते. तिथे क्यूपीएसक्यूएल दिसत नसेल, तर प्लगइनच जागेवर नाही. पण यादीत नाव आहे आणि तरीही ‘नॉट लोडेड’ म्हणतोय, तर प्लगइनची फाइल सापडली आहे, तिला पुढे जे लागतं ते सापडलेलं नाही. आणि तिला लागते लिबपीक्यू.डीएलएल, म्हणजे पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी. विंडोजचा एरर १२६ ‘मोड्यूल सापडलं नाही’ म्हणतो, तेव्हाही हेच असू शकतं. फाइल डोळ्यांसमोर असते, गायब असतो तिचा सोबती.

मग करायचं काय? क्रमाने जाऊ.

एक. बिल्ड रिलीजचा हवा. फाइल क्यूटी६कोअरडी किंवा एमएसव्हीसीपी१४०डी मागत असेल, तर तो शेवटचा ‘डी’ डीबगचा. मायक्रोसॉफ्टच्या डीबग लायब्ररी दुसऱ्यांना वाटायची परवानगीच नाही.

दोन. रिकाम्या फोल्डरमध्ये फक्त ईएक्सई ठेवा आणि क्यूटीच्या कमांड प्रॉम्प्टमधून तिच्यावर विनडिप्लॉयक्यूटी चालवा. क्यूटीच्या डीएलएल, प्लॅटफॉर्म्स फोल्डर, एसक्यूएलड्रायव्हर्स फोल्डर, सगळं ते आणून ठेवतं. एकेक फाइल हाताने शोधत बसायचं नाही.

तीन. विनडिप्लॉयक्यूटी लिबपीक्यू आणत नाही, कारण ती क्यूटीची नाही. ती पोस्टग्रेसच्या बिन फोल्डरमधून तुम्ही आणायची. तिला स्वतःला ओपनएसएसएलच्या लिबएसएसएल, लिबक्रिप्टो आणि बहुतेक वेळा लिबइंटल, लिबआयकॉन्व्ह लागतात. नावांपुढचे आकडे आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून सगळ्या त्याच एका बिन फोल्डरमधून घ्या. आणि ठेवायच्या ईएक्सईच्या शेजारी. एसक्यूएलड्रायव्हर्समध्ये टाकल्या तर विंडोज तिथे बघत नाही.

चार. ३२ की ६४ बिट? ६४ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटची डीएलएल चालत नाही, उलटही नाही. ०एक्ससी०००००७बी हा कोड किंवा एरर १९३ आला, तर पहिला संशय इथे घ्या. डॉट नेट आणि ॲक्सेसवाल्यांनो, तुमचा ‘एसीई ओएलईडीबी प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही’ हा मेसेजही पुष्कळदा याच कारणाने येतो.

पाच. कंपायलरचं सामान. व्हिज्युअल स्टुडिओने बिल्ड केलं असेल, तर व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल दुकानाच्या मशीनवर बसवा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच. मिनजीडब्ल्यू असेल, तर त्याच्या लिबजीसीसी, लिबएसटीडीसी++ आणि लिबविनपीथ्रेड शेजारी ठेवा.

एवढं करूनही अडलं, तर अंदाज बांधू नका, बघा. ‘डिपेंडन्सीज’ नावाचं मोफत टूल आहे. त्यात ईएक्सई उघडून उपयोग नाही, प्लगइनची फाइल उघडा. काय सापडत नाही ते लाल दिसतं. जुना ‘डिपेंडन्सी वॉकर’ नव्या विंडोजवर खोटे इशारे फार देतो, त्याच्या नादी लागू नका. दुसरं टूल, मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस मॉनिटर’. आपल्या प्रोग्रामच्या नावाचा फिल्टर लावा आणि ‘नेम नॉट फाउंड’च्या ओळी बघा. मात्र एकाच फाइलसाठी अशा ओळी दोन-चार येतात, कारण शोध एकेका फोल्डरमध्ये होतो. जी फाइल शेवटपर्यंत कुठेच सापडली नाही, ती आपली. आणि क्यूटी_डीबग_प्लगइन्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं, की प्लगइन का चढलं नाही हे क्यूटी स्वतःच सांगतं.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. फाइलचं नाव गुगल केलं, की ‘डीएलएल मोफत डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या साइट्स रांगेने येतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती फाइल कोणी बनवली, कोणत्या आवृत्तीची, आत काय भरलंय, काही कळायला मार्ग नाही. आणि काकांच्या त्याच मशीनवर बँकेचं लॉगिन आहे, जीएसटीचं आहे, गावातल्या लोकांची उधारी आहे. त्यांनी तुम्हाला विश्वासाने मशीनसमोर बसवलंय. सिस्टीम३२मध्ये फाइली कोंबणंही टाळा. दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम बिघडला, तर नाव तुमचंच येतं.

शेवटचं म्हणजे, परीक्षा दुकानात द्यायची नाही, घरी द्यायची. विंडोज प्रो असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ सुरू करा, दरवेळी कोरं विंडोज मिळतं. होम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, नाहीतर कॉमर्सवाल्या मित्राचा लॅपटॉप, ज्यावर क्यूटीचं नावही नाही. आणि काम घेतानाच विचारा: काका, मशीनवर विंडोज कोणतं? विंडोज ७ असेल तर क्यूटी ६ चालणार नाही, ५.१५वर राहावं लागेल. हे पहिल्या दिवशी कळलं तर दोन मिनिटांचं काम, शेवटच्या दिवशी कळलं तर महिन्याचं.

भाव सांगताना मशीनवर बसवून देण्याचा एक दिवस धरून सांगा. तेही कामच आहे, आणि त्याचे पैसे मागायला लाजू नका.

तुमच्याकडे कुठला एरर अडलाय, तो पूर्ण मजकुरासकट पाठवा. नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका बरं का! भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या, आणि बॅकअप घ्या.