पोच



एक लांबलचक पत्र दहा कार्डांवर उतरवून ती निरनिराळ्या वाटांनी धाडावीत, तसा संगणकांचा पत्रव्यवहार चालतो. कार्डे मागेपुढे पोहोचतात, काही हरवतातही. वाट कसलीच हमी देत नाही. मग मजकूर अखंड कसा पोहोचतो? व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या योजनेचे मर्म इथेच आहे. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचा. घेणाऱ्याने पोच द्यायची. ती वेळेत आली नाही, तर धाडणाऱ्याने तोच तुकडा पुन्हा धाडायचा. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी हा शिरस्ता स्वीकारला. वाट बेभरवशाची असली, तरी दोन्ही टोकांनी हिशेब चोख ठेवला की व्यवहार निभावतो.