विहिरीतलं गणित



नववीत सहामाहीला मी गणितात नापास झाले. वडील म्हणाले, "पुरे झाली शाळा." सर घरी आले. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "तुमच्या विहिरीत आज पाणी किती?"

"दोन परस, सर."

"लिटरमध्ये सांग."

त्या संध्याकाळी दोरीला दगड बांधून मी पाण्याची खोली मोजली, विहिरीचा घेर मोजला. वृत्तचितीचं सूत्र तेव्हा कुठे माझं झालं. शाळाही सुटली नाही.

2012 च्या दुष्काळात आपल्याकडे मोसंबीच्या बागा वाळत होत्या. वडिलांचा पुण्याला फोन आला, "पाणी किती दिवस पुरेल, बाई?" व्यास 6 मीटर, पाणी 2 मीटर, म्हणजे सुमारे 56 हजार लिटर. झाडं 300. झाडाला रोज 40 लिटर धरले तर पाच दिवसही नाहीत. शंभरच राखली, तर चौदा दिवस. तेवढ्यात टँकरची सोय झाली. दोनशे झाडं तोडताना वडील रडले. पण शंभर जगली.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आमच्या सरांकडे दोरी आणि दगड होता. वाट तीच.

आजच्या शिक्षकांना एक विनंती. कडवंचीची शेततळी, जालन्याचं स्टील, क्रिकेटचा स्ट्राइक रेट, सगळं वर्गात येऊ द्या. आणि नापास झालेल्या मुलीला आधी तिच्या घरचं काहीतरी विचारा.